भवानीपुरातला वाघ्या

वाघ्याचा बाप कोण, यावर कोलकात्यातल्या आमच्या पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एकमत नाही. आईबद्दल वाद नाही. ती हाजरा रोडवरच्या एका चहाच्या टपरीखाली वाढलेली, तांबूस, उभ्या कानांची अस्सल ‘नेडी’, आपल्याकडची गावठी. बापाचा शोध मात्र अजून चालू आहे. औषधाच्या दुकानातले दादा त्याच्या छातीकडे बोट दाखवून ‘अल्सेशियन’ म्हणतात. तळमजल्यावरच्या मासीमांचं लहानपण कालिम्पोंगला गेलं, त्यामुळे मानेवरचा केसांचा झुपका पाहून त्या ‘भुटिया’ म्हणतात आणि पुढे डोंगरातल्या मेंढ्यांची गोष्ट सांगायला लागतात. इस्त्रीवाला एवढ्या खोलात शिरत नाही. मोठा कुत्रा म्हणजे लॅब्रॅडॉर, विषय संपला. आम्ही नाव मराठी ठेवलं होतं, पाड्यानं त्याचा ‘बाघा’ केला. तो दोन्ही हाकांना येतो. हातात वाटी असली तर हाकेच्या आधीच येतो.

जातीचं हे वेड इथं जुनं आहे. बागबाजारकडच्या गालिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी पाळीव प्राण्यांचा बाजार भरतो. मासे, पोपट, गुलाबाची कलमं आणि टोपल्यांतून झोपलेली पिल्लं. दीड महिन्याचं पिल्लू कोणत्याही जातीचं म्हणून खपतं, कारण त्या वयात सगळीच गोल असतात. अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून, आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून केलेला एक अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यात दिसलं, की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातला जो फरक, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीनं उलगडतो. दादांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “मग उरलेले एक्क्याण्णव टक्के अल्सेशियन.”

पण गंमत सोडली तर अडचण खरी आहे. जातिवंत कुत्रा आणला की त्याच्याबरोबर एक पुस्तक येतं: एवढी उंची होईल, अमुक आजार संभवतो, इतकं पळवा. वाघ्याचं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही. चौतीस किलोचा हा देह आईकडून काय घेऊन आलाय आणि त्या अज्ञात बापाकडून काय, हे आम्हाला हात लावून लावून शिकावं लागलं. रोज संध्याकाळी मी त्याच्याजवळ जमिनीवर बसते आणि कानापासून शेपटीपर्यंत हात फिरवते. बघणाऱ्याला वाटतं लाड चाललेत. लाड असतातच, पण त्यात निम्मी तपासणी असते.

बरगड्यांपासून सुरुवात करायची. जनावरांचे डॉक्टर एक सोपी खूण सांगतात: आपला पंजा सरळ पसरून दुसऱ्या हातानं त्याच पंज्याची मागची बाजू चाचपायची, बोटांची हाडं जशी पातळ कातडीखाली लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या लागल्या पाहिजेत. नुसत्या दिसल्या तर उपासमार, दाबूनही सापडल्या नाहीत तर चरबी. मोठ्या कुत्र्याची गफलत अशी होते, की लोकांना तो लठ्ठ असला की भारदस्त वाटतो. वाघ्याची छाती खोल आहे, पोट आत गेलेलं, त्यामुळे मासीमा त्याला कायम भुकेला समजतात. त्यांच्या हातून संदेश नावाची मिठाई त्याच्या पोटात जाऊ नये म्हणून आम्ही फार मुत्सद्देगिरी केली आहे.

खाणं साधं. इथल्या मांसवाल्याकडे ‘छांट’ मागायची पद्धत आहे. कोंबडी साफ करताना उरलेली कातडी, माना, आतड्याचे तुकडे. कुत्र्यासाठी म्हटलं की पिशवीत वेगळं बांधून देतो. आम्ही त्यातली चरबी आणि हाडं काढून उरलेलं भाताबरोबर शिजवतो, वर थोडा लाल भोपळा. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं म्हणून ते अजिबात नाही. कांदा नाही, लसूण नाही. महाराष्ट्र निवासातल्या गणपतीचा शिरा घरी आला, तर त्यातला बेदाणा खाली पडणार नाही हे बघावं लागतं, कारण द्राक्ष आणि बेदाणे काही कुत्र्यांचं मूत्रपिंड निकामी करतात आणि कुणाचं करतील ते आधी कळत नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, त्याचं आपल्याला केवढं कौतुक! आमच्या डॉक्टरांनी ती वाटी वाटेतच काढून घेतली असती. आणि जेवण एकदम नाही, दोन वेळा वाटून, जेवणानंतर तासभर तरी पळापळ बंद. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून आतल्या आत पीळ पडतो. पोट टणक झालंय, ओकारीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नसते. बाप अल्सेशियन असो की नसो, छाती समोर आहे, तेवढं पुरे.

उन्हाळा हे खरं संकट. नागपूरकडून आलेल्या माणसाला कोलकात्याचा छत्तीस अंशांचा पारा किरकोळ वाटतो. कुत्र्याला तो किरकोळ नसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांच्या गाद्यांतून थोडासाच. धापा टाकायच्या, जिभेवरचं आणि घशातलं पाणी उडवायचं, एवढाच त्याचा कूलर. इथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, त्यात आणखी पाणी उडायचं कुठे? म्हणून वैशाखापासून आम्ही पहाटे उजाडायच्या आत बाहेर पडतो. मैदानात गवतावर त्याला सोडावंसं वाटतं, पण मोठ्या कुत्र्याचा पट्टा हातात असणं हे लोकांचं देणं आहे, तेव्हा लांब दोरी. परतताना फूटपाथ तापायला लागला असेल तर मी हाताची मागची बाजू त्यावर टेकवून बघते. मला टेकवून ठेवता आली नाही तर त्याचे तळवे तरी का भाजावेत? उन्हाळ्यात त्याचे केस कापून टाका असं दर वर्षी कुणीतरी सांगतंच. वरचे राठ आणि आतले मऊ असे दोन थर असलेले केस उन्हालाही अडवतात. कापायचे नाहीत, विंचरायचे.

मग पाऊस. उत्तर कोलकात्यात ठनठनियाला पाणी साचल्याच्या बातम्या सगळे बघतात, पण आमच्या गल्लीतही तासाभराच्या सरीत घोटाभर पाणी होतं. त्या पाण्यात गटार असतं आणि उंदरांचं मूत असतं. लेप्टोस्पायरोसिस माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. त्याची लस आहे, ती दर वर्षी. रेबीजची तर चुकवायचीच नाही. पण पावसाळ्यातला खरा शत्रू गोचीड. इथे तिला ‘एँटुली’ म्हणतात. पहिल्यांदा सापडते ती कानाच्या आतल्या घडीत, मग पायांच्या बोटांमध्ये, काखेत, शेपटीच्या मुळाशी. बोटाला आधी मुगाच्या डाळीएवढं काहीतरी लागतं. केस बाजूला करावेत तर राखाडी, रक्त पिऊन टम्म झालेली, डोकं कातडीत रुतवून बसलेली. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरायची, सरळ ओढायची, पिळायची नाही, आणि साबणाच्या किंवा स्पिरिटच्या वाटीत टाकायची. नुसत्या बोटांनी चिरडायची सवय आपल्याकडे आहे, ती वाईट. एर्लिकिया, बबेसिया ही गोचिडीतून येणाऱ्या रोगजंतूंची नावं मी इथंच शिकले. वाघ्याला एकदा ताप चढला तो आधी माझ्या हाताला कळला; कान गरम, हिरड्या फिक्या, वाटीकडे पाठ. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळे रोजचा स्पर्श ओळखीचा नसेल तर तापाचा स्पर्श वेगळा वाटत नाही. रक्तात प्लेटलेट कमी झाल्या होत्या. गोळ्या महिनाभर चालल्या.

या स्पर्शाचा अभ्यासही झाला आहे. याच शहराबाहेर, मोहनपूरला, ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करताहेत. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. अनोळखी माणूस रोज एकाच कुत्र्याकडे जातो. काही कुत्र्यांना तो खायला देतो, काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवतो. काही दिवसांनी पाहिलं तर हात फिरवलेल्यांचा विश्वास जास्त बसलेला होता. उकिरड्यावर वाढलेली, हाडासाठी भांडणारी कुत्री ही! त्याच गटाचा दुसरा अभ्यास वाचवत नाही: ९५ वेतांतली ३६४ पिल्लं पाहिली, त्यांतली १९ टक्केच वयात येईपर्यंत जगली, आणि मेलेल्यांत बहुतेकांच्या मरणात माणसाचा हात होता. गाड्या, विष, मारहाण, उचलून नेणं. वाघ्याच्या वेतातलीही सगळी जगली नाहीत.

प्रयोगाचं वाचलं तेव्हा मला रवींद्रनाथांची एक कविता आठवली. १९४१ साली, शेवटच्या आजारपणात, त्यांच्या ‘आरोग्य’ या संग्रहात ती आली. रोज सकाळी एक कुत्रा त्यांच्या आसनाजवळ येऊन गप्प बसतो आणि कवीनं हातानं स्पर्श करून त्याची दखल घेईपर्यंत हलत नाही. नोबेल मिळवलेल्या, ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला त्या सकाळी आणखी कुणाचीही भेट टाळता आली असती, याची टाळता येत नव्हती. आपल्याकडे मामा वरेरकरांनी भाषांतरांतून घरोघर पोचवलेले कादंबरीकार शरच्चंद्र, म्हणजे शरद्बाबू, तर याहून पुढचे. हावड्याला शिवपूरला राहत असताना त्यांचा भेलू नावाचा देशी कुत्रा होता, येणाऱ्याजाणाऱ्यांवर भुंकणारा, दिसायला कसलाच नाही. त्याचं त्यांना जे वेड होतं त्याची चेष्टा मित्र करत, आणि तो गेल्यावर हा माणूस कोसळला. बंगाल्याचं कुत्र्यावरचं प्रेम म्हणजे असं अर्धं साहित्यात असतं.

उरलेलं अर्धं कायद्यात आहे. प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये म्हणून भारतातली पहिली संस्था १८६१ साली याच शहरात निघाली. कोल्सवर्दी ग्रँट नावाच्या एका चित्रकारानं ती काढली. रायटर्स बिल्डिंगजवळ त्याच्या नावाचा स्तंभ उभा आहे. बसच्या रांगेतलं कुणी त्याच्याकडे बघत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा गाड्यांचे बैल आणि घोडे होते, घरातला कुत्रा नव्हता. घरातल्या कुत्र्याचीही वेळ आली, ती उलट दिशेनं. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानं २३ जातींवर आणि त्यांच्या संकरांवर बंदी घालायला सांगणारं पत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, पण मधल्या काळात आमच्या लिफ्टमधलं वातावरण बदललं होतं. संकर कशाचा, हे सिद्ध कसं करणार? ज्यांनी वर्षभर वाघ्याला बिस्किटं घातली त्यांनीच विचारलं, की याच्यात ‘तसलं’ काही नाही ना. मी त्यांना दोष देत नाही. चौतीस किलोचं जनावर लिफ्टमध्ये शेजारी उभं असताना त्याच्या मनात काय आहे हे न कळणं भीतीचंच आहे, आणि मोठा कुत्रा पाळणाऱ्यानं ही भीती खोटी ठरवत बसण्यापेक्षा जिने चढावेत. आम्ही तीन मजले चढतो. लहान कुत्र्यानं अंगावर उडी घेतली तर लोक हसतात. वाघ्याला ती मुभा नाही, म्हणून ‘बस’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द त्याला पिल्लूपणीच पक्के करून घेतले. तेही मराठीत, त्यामुळे पाड्यातल्या मुलांना ते पाठ झालेत. लहान मुलगा ऐटीत ‘बोश’ म्हणतो आणि हा खरोखर बसतो, तेव्हा त्या मुलाची छाती वाघ्याएवढी होते.

बाकी त्याचा स्वभाव सौम्य आणि थोडा भित्रा आहे. दुर्गापूजेत ढाक वाजायला लागला की तो कान मागे पाडतो, पण सहन करतो. कालीपूजेची फटाक्यांची रात्र त्याला सोसत नाही. खिडक्या लावून, पंखा मोठा करून, आतल्या खोलीत आम्ही त्याच्याबरोबर बसतो. पलंगाखाली मावण्याचं वय कधीच गेलं, तरी तो डोकं तेवढं आत घालतो आणि उरलेला मोठा वाघ्या बाहेर थरथरत राहतो. त्या वेळी थोपटण्यानं भीती वाढते असं पूर्वी सांगत. भीतीला असं बक्षीस देता येत नाही, हात ठेवला तर त्याला बरंच वाटतं. रात्र फार वाईट जाणार असेल तर डॉक्टर आधीच औषध देतात.

आता तो आठाचा झालाय. मोठी कुत्री लवकर म्हातारी होतात, लहानखुऱ्यांना पंधरा वर्षं सहज मिळतात तिथे यांना दहा-बारा. गेल्या हिवाळ्यापासून उठताना मागचे पाय जरा उशिरा येतात. कमरेच्या सांध्यावर हात ठेवला की खुबा हलताना बारीक कुरकुर जाणवते. वजन दोन किलो उतरवा, जिने आता सावकाश, आणि घसरडी जमीन टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे शेवटचं अवघड. आमचं घर जुनं आहे, जमीन लाल, घोटून आरशासारखी केलेली. घरमालकांना तिचा अभिमान आहे आणि मलाही होता. दोघांच्या अभिमानावर मी बडाबाजारातून आणलेलं तागाचं जाड चट अंथरलं, दारापासून त्याच्या वाटीपर्यंत आणि वाटीपासून बाल्कनीपर्यंत. वाघ्या त्यावरून नीट चालतो, पाय रोवतो, घसरत नाही. झोपायला मात्र चट संपतं तिथे, कपाटापाशी उरलेल्या हातभर लाल जमिनीवर जाऊन पसरतो आणि चौतीस किलो तेवढ्यात बसत नाहीत म्हणून एक पाय चटावर ठेवतो. मे महिना आहे, जमीन गार लागते, तेव्हा त्याला उठवण्यात अर्थ नाही.