मरेल तो उठेल

आमच्या पिढीतल्या अनेकांनी नरकात पहिलं पाऊल टाकलं ते चपला बाहेर काढून. सांगलीतल्या आमच्या गल्लीत कंप्युटर एकाच घरी होता. चपलेबरोबर धूळ येते आणि धुळीतून व्हायरस, अशी त्या घरची पक्की समजूत. दसऱ्याला मॉनिटरवर झेंडूची माळ चढे, सीपीयूला हळदकुंकू लागे, आणि सोनं वाटून झालं की त्याच यंत्रावर आम्ही 'डायब्लो' लावत असू. देवीचं नवरात्र सकाळी संपलेलं, सैतानाचं संध्याकाळी सुरू.

परवा तोच खेळ मी पलंगावर लोळत, मांडीवर लॅपटॉप घेऊन लावला. २०१९ साली तो पुन्हा अधिकृतपणे विकायला आला तेव्हाच पैसे मोजून घेतला होता. तेव्हाची आमची सीडी चोरीची होती, फुटपाथवरची, शर्टाला पुसून पुसून ओरखडलेली. आता माल प्रामाणिक आहे आणि दोन मिनिटांत चालू होतो. तेव्हा ड्राइव्ह घरघरायचा, आणि त्या घरघरीत चौघं श्वास रोखून बसायचे.

चौघं म्हणजे एका खुर्चीवर दीड आणि बाकीचे स्टुलावर. 'डायब्लो' हा एकट्याने माउस बडवायचा खेळ. ट्रिस्ट्रम नावाचं उजाड गाव, तिथल्या पडक्या चर्चखाली १६ मजले तळघर, आणि वरून खाली नुसतं क्लिक, क्लिक, क्लिक. कमरपट्ट्यात औषधाच्या आठ बाटल्या, त्या कीबोर्डवरच्या एक ते आठ आकड्यांनी प्यायच्या. आम्ही कामं वाटून घेतली होती. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याची बोटं आकड्यांवर, तिसरा डावीकडच्या, उरलेला जीव दाखवणाऱ्या लाल गोळ्यावर डोळा ठेवून 'पाज, पाज!' म्हणून ओरडणारा, चौथा दाराशी त्या घरच्या काकूंच्या चाहुलीवर. आणि नियम एकच : मरेल तो उठेल.

सुरुवातीला पूजाच असे म्हणा. माउस उलटा करायचा, खालची चकती फिरवायची, रबरी गोळी तळहातावर घ्यायची. आतल्या दोन बारक्या दांड्यांवर मळाचं काळं कडं बसलेलं असे. ते नखाने खरवडलं की वेटोळं होऊन अखंड सुटून येई, आणि त्या वेळचा आनंद मला पुढे पदवी घेतानाही झाला नाही. आताच्या माउसच्या पोटात प्रकाश असतो. तो मळत नाही, अडकत नाही आणि आपल्याकडून कसलीच सेवा करून घेत नाही.

खेळ मात्र, खरं सांगायचं तर, आठवणीत होता तेवढा देखणा नाही. सगळं ६४० बाय ४८० ठिपक्यांत. राक्षस म्हणजे चिखलाचे गोळे. आपला गडी पळत नाही, हापिसातून दमून आल्यासारखा चालतो. मधल्या वीस-बावीस वर्षांत माझ्या आठवणीने परस्पर ग्राफिक्स कार्ड बदलून घेतलं होतं. एका गड्याला सेव्हची जागाही एकच, म्हणजे अवघड जागी सेव्ह केलं की तिथेच रुतलो. त्यात आमच्याकडे लाइट जायची. तीन तासांची कमाई पंख्याबरोबर गरगरत थांबायची आणि अंधारात एकच प्रश्न उठायचा, सेव्ह केलंवतं का? यात कुठलाही गोडवा नव्हता. आम्ही एकमेकांना मारायचो.

संगीतकार मॅट यूलमनने वाजवलेली बारा तारांची गिटार तेवढी जशीच्या तशी आहे. ट्रिस्ट्रममध्ये ती सुरू झाली आणि मला काकूंच्या घरच्या फोडणीचा वास आला.

खाटीकही तिथेच आहे. दुसऱ्या मजल्यावर रक्ताने माखलेली एक खोली; दार उघडलं की तो ताज्या मांसाबद्दल दोन शब्द बोलतो आणि सुऱ्यासकट धावून येतो. आम्ही मराठी माध्यमाचे, ते दोन शब्द आम्ही 'मटण आलं का' अशा अर्थाने घ्यायचो. तळघर दर खेपेला नव्याने रचलं जातं आणि खाटीक कधी कधी नसतोच. पण असला तर चर्चबाहेर एक जखमी माणूस मरता मरता तसं सांगून जातो. त्या माणसाचं इंग्रजी आम्हाला कळत नसे, पण तो दिसला की दारावरचा पहारेकरीसुद्धा आत पळत येई. काकू विचारायच्या, "मेला का रे तुमचा राक्षस? मग या पोहे खायला." राक्षस बहुधा मेलेला नसे. पोहे आम्ही खायचोच.

आता याच मालिकेचा चौथा भाग सतत इंटरनेट मागतो आणि मिळालेला माल पेटीत नीट लावून ठेवतो. पहिल्या भागात पेटीच नाही. पिशवीतल्या एका घरात जास्तीत जास्त ५,००० मोहरा, बाकीच्या गावातल्या जमिनीवर ओतायच्या. आम्ही विहिरीभोवती मोहरांचे ढीग रचायचो, वाळवणासारखे. कुणी चोरत नसे. परवाही रचले, पण पाच ढिगांनंतर कंटाळा आला.

पुढे कळलं की हा खेळ मुळात पाळीपाळीने चालायचा होता : तू एक चाल, मग राक्षस एक चाल. तो बनवणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रेविकला तसाच हवा होता. बाकीच्यांनी आग्रह धरला म्हणून त्याने काही तासांत तो धावता करून पाहिला आणि स्वतःच पाघळला. त्यांनी कॅलिफोर्नियात पाळ्या काढून टाकल्या, आम्ही सांगलीत परत आणल्या. तेव्हा पाळीची वाट बघण्यात अर्धी दुपार जायची आणि ते चीड आणणारं होतं. आता सगळ्या पाळ्या माझ्या आहेत.

रात्री साडेअकराला जखमी माणूस भेटला. दार उघडलं. खाटीक बोलला, धावला. मी क्लिक करत राहिलो, एकटक, सुऱ्याकडे बघत. लाल गोळा कधी रिकामा झाला ते पाहायचं राहिलं; पट्ट्यातल्या आठही बाटल्या भरलेल्या होत्या. गडी ओरडून पडला.

आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवून पलंगावरून उठलो. उठून उभा राहिल्यावर लक्षात आलं.