कबर आणि पुतळा

औरंगजेबाची कबर हटवा, अशी मागणी २०२५च्या मार्चमध्ये जोरात झाली. १७ मार्चला नागपुरात दंगल पेटली, एकाचा जीव गेला. खुलताबाद कुठे आणि आमचे शहापूर-मुरबाड कुठे! तरी प्रश्न आमच्या दारात आलाच, ‘तुमचं काय म्हणणं?’ जणू ती कबर आमच्याच घरच्या कुणाची.

शहापूर तालुक्यात माहुली किल्ला आहे. १६३६ साली शहाजीराजे तिथे मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडले. ते लढत होते निजामशाहीच्या बालराजासाठी, मूर्तझासाठी. पुढे १६७० साली याच गडावर मराठ्यांचा हल्ला परतवणारा मोगल किल्लेदार होता मनोहरदास गौड. त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. या लढायांत आपला कोण, परका कोण, हे धर्मावरून ठरत नव्हते. मग आज धर्मावरून आम्हालाच औरंगजेबाचे वारस का ठरवायचे?

पुतळा म्हणजे मागाहून आलेल्यांनी दिलेला मान. तो ठेवावा की काढावा, यावर वाद होऊ शकतो. पुण्याच्या लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने ठराव करून हलवला. राम गणेश गडकरींचा अर्धपुतळा जानेवारी २०१७ मध्ये काहींनी उखडून मुठेत टाकला. दोन्ही गोष्टी रात्रीच्या अंधारात झाल्या. पण एकीमागे सभागृहाचा ठराव होता, दुसरीमागे नुसता हातोडा. हा फरक आम्ही मानतो.

कबर मात्र मान नव्हे. माणूस कसाही असो, मेल्यावर त्याला माती द्यायची, एवढेच. १७०७ साली वारलेल्या औरंगजेबाच्या कबरीवर छतसुद्धा नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या कबरीभोवती वाढलेले बेकायदा बांधकाम १० नोव्हेंबर २०२२ रोजी प्रशासनाने पाडले. कबर राहिली. त्या बांधकामासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. सरकारी जमिनीवर मृताच्या नावाने भिंती वाढवायला आमचा दीनही सांगत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. बेकायदा असेल ते कायद्याने काढा, पुतळ्यांवर सभागृहात बोला, कबरींना हात लावू नका. शिवरायांवर चालून आलेल्या खानालाही प्रतापगडाच्या मातीने जागा दिली. ही रीत महाराष्ट्राची आहे, म्हणजे आमचीही आहे.