गोधड

शहादा

चि. सई,



तिकडे अमेरिकेत, टल्साच्या कार्यक्रमात एक चेरोकी आदिवासी बाई गोष्ट सांगता सांगता गायला लागल्या, असं तू फोनवर सांगितलंस आणि विचारलंस, "मामा, आपल्याकडे असं कोणी आहे का?" आहे. पार्सलात मिरचीपुडीच्या पुड्याखाली एक लहानसं पुस्तक ठेवलंय, 'गोधड'. पानांना ठसका लागला असेल तर दोष नंदुरबारच्या मिरचीला दे, कवीला नको.

कवी वाहरू सोनवणे. आपल्याच शहादा तालुक्यातले, भिल्ल. भिलोरी आणि मराठीतलं हे पुस्तक पुण्याच्या सुगावा प्रकाशनानं १९८७ साली काढलं. पण त्याची गोष्ट पंधरा-सोळा वर्षं आधी सुरू होते.

इथली तापीकाठची काळी जमीन तू पाहिलीस. त्या काळी तिच्यात राबणारे बरेचसे भिल्ल सालदार नाहीतर रोजंदारीचे मजूर होते. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती भजनं म्हणत गावोगाव हिंडायचे, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणू लागले. त्या भजनांमधूनच माणसं एकत्र आली. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर हल्ला झाला, एकाचा जीव गेला. पुढच्या वर्षी, ऐन दुष्काळात, श्रमिक संघटना उभी राहिली. सोनवणे त्या संघटनेचे कार्यकर्ते. अंबरसिंग महाराज मात्र १९७४ मध्येच गेले.

सोनवण्यांची सगळ्यात गाजलेली कविता आहे 'स्टेज'. मंचावर कोण उभं आणि खाली कोण बसलंय, एवढाच तिचा विषय. खालच्यांचं दुःख वरचे त्यांनाच समजावून सांगतात. मला वाटतं, हा टोला फक्त जमीनदारांना नाही, कळवळ्यानं भाषण करणाऱ्या आपल्यासारख्यांनाही आहे. म्हणून तो जास्त झोंबतो.

पुढे १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. म्हणजे स्टेजवरच गेले की! तिथून त्यांनी सांगितलं ते असं, की जे लिहिलेलं तेवढंच साहित्य, ही व्याख्याच तोकडी आहे. आदिवासींचं साहित्य तोंडी आहे, गाण्यात आहे.

हे पटायला तुला काठीची होळी आठवावी लागेल. सात वर्षांची होतीस. अक्कलकुवा तालुक्यातलं ते डोंगरातलं गाव, रात्रभर ढोल, आणि पहाटे पेटणारी होळी. तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस, पण बुध्या दिसल्यावर ताडकन जागी झालीस: डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर पांढरी नक्षी, कमरेला भोपळे आणि घुंगरं. तो माणूस दिवसचे दिवस पालनी पाळतो, खाटेवर बसत नाही, पायात चप्पल घालत नाही, आणि मग नाचतो. तिथे मंच कुठे होता, सांग बरं? होळीभोवती रिंगण. नाचणारा थकला की बघणारा आत शिरतो. अशा रिंगणातून आलेल्या माणसाला सभेतली उंच फळी खुपणारच.

तुमच्या तिकडच्या सिक्वोयानं १८२१ च्या सुमारास चेरोकीसाठी लिपी घडवली आणि १८२८ मध्ये त्या लिपीतला मजकूर वृत्तपत्रात छापूनही आला. सोनवण्यांनी भिलोरी देवनागरीत मांडली. आमच्या शाळेच्या वेळी भिलोरी म्हणजे वर्गाच्या दाराबाहेर ठेवून यायची गोष्ट होती. ती छापलेली पाहून मला काय वाटलं असेल, याचा तूच विचार कर.

पुस्तकाचं नाव मात्र साधं आहे. गोधड म्हणजे आपली गोधडी, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. तुझ्या आजीची अजून माळ्यावर आहे, पुढच्या पार्सलात टाकतो.

मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. आधी भिलोरी, अडलीस तर मराठी. त्या बाई पुन्हा भेटल्या तर त्यांनाही भिलोरीच ऐकव, अर्थ मागाहून सांग. आणि मिरची भाजीत बेतानं घाल, यंदाची फार जहाल आहे.

तुझा,
मामा