दोन सूत

मुलांनो, तुमच्या घरी पलंगाशेजारी ठेवायची लहानशी तिपाई आहे का? असली, तरी तिच्याकडे तुमचे फारसे लक्ष जात नसेल. माझेही जात नव्हते. गेल्या वर्षी अम्मीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि तिपाई नसल्याची अडचण मला प्रथमच कळली. डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली, चष्मा, पाण्याचा ग्लास असे सगळे अम्मी फरशीवर ठेवत असे. एका रात्री उठताना तिचा पाय ग्लासावर पडला. ग्लास स्टीलचा होता म्हणून बरे! सकाळी ती म्हणाली, "उशाशी एखादी तिपाई हवी होती."

बाजारात प्लॅस्टिकची तिपाई सहज मिळाली असती. पण आमच्या माळ्यावर माझ्या आजोबांचे, म्हणजे दादाजानचे, लाकूड पडले होते. आमचे गाव मालेगाव. इथे आज रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. दादाजान मात्र हातमागावर लुगडी विणत. पुढे घरोघर यंत्रमाग आले आणि त्यांचा हातमाग मोडला. धोटा कुठे गेला, फणी कुठे गेली, कोणास ठाऊक. सागवानाचे दोन खांब आणि एक जाड फळी एवढेच उरले. अब्बांनी ते लाकूड कधी भंगारात जाऊ दिले नाही. या लाकडाची तिपाई मी स्वतः करीन, असे मी अम्मीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कर. पण वाया घालवू नकोस. पुन्हा मिळणार नाही."

बी.एड. झालो, इतकी वर्षे फळ्यावर लिहिले, पण करवत मी कधी हातात धरली नव्हती. आमच्या शाळेच्या रस्त्यावर एक वयस्क सुतार आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी लाकूड घेऊन त्यांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "काका, ही फली बघा."

काका हसले. "सर, फली नाही, फळी."

तुम्हीही हसत असाल. पण 'ळ' या अक्षराने तुम्हाला छळले आहे, तसेच ते मलाही छळते. आपल्या उर्दूत ते नाहीच. दुकानातले बाकीचे शब्द मात्र घरचेच निघाले. आपण रंदा म्हणतो, काका रंधा म्हणतात. आपला सरेस तो त्यांचा सरस, आपली गुनिया तो त्यांचा गुण्या. शिकंजा तर दोन्हीकडे शिकंजाच. नवा शब्द एकच मिळाला, पटाशी. लाकडात खाच पाडायचे ते धारदार हत्यार.

आणि एक शब्द ओळखीचा असूनही नवा होता. काकांनी फळीची जाडी मोजली आणि म्हणाले, "सहा सूत." मी गोंधळलो. आमच्या विणकरांच्या घरात सूत म्हणजे धागा. काकांनी टेपवर बोट ठेवून दाखवले : एका इंचाचे आठ भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार' या संस्कृत शब्दापासून आला आहे. सूत्र म्हणजे दोराच. दोरा ताणून लाकडावर सरळ रेघ पाडणारा तो सुतार. एकाच दोऱ्याने दादाजानचा माग आणि काकांचे दुकान बांधलेले आहे, हे मला त्या दिवशी कळले.

काकांनी आधी लाकडावरून लोहचुंबक फिरवले. जुन्या लाकडात खिळे अडकलेले असतात आणि एका खिळ्याने रंध्याच्या पात्याची धार जाते. तीन खिळे निघाले. मग मी रंधा मारायला लागलो. रंधा सारखा अडत होता आणि लाकडाचे तुकडे उपटून येत होते. काकांनी लाकूड फक्त उलटे फिरवून दिले. लाकडाच्या रेषांच्या दिशेने रंधा चालला, की कागदासारख्या पातळ, गोल ढलप्या निघतात. काळ्या पडलेल्या त्या खांबातून आत सोनेरी सागवान दिसू लागले. वासही आला. इतक्या वर्षांनी!

तिपाईच्या पायांना खिळे मारायचे नाहीत, असे काकांनी बजावले होते. पायात खाच पाडायची आणि आडव्या पट्टीचे टोक कोरून त्या खाचेत घट्ट बसवायचे. त्या कोरलेल्या टोकाला कुसू म्हणतात. पट्टी सहा सूत जाड असेल तर कुसू दोन सूत, म्हणजे जाडीच्या एक तृतीयांश. अशा आठ खाचा पाडायला मला पाच दिवस लागले. काकांचा मुलगा त्या एका दिवसात पाडतो, हे त्यांनी मला सांगितले नसते तरी चालले असते.

आता खरी गोष्ट सांगतो. प्रत्येक खांब जेमतेम ३ फुटांचा होता. एका खांबाचे दोन पाय, म्हणजे चार पायांसाठी लाकूड पुरेपूर. पाचवा पाय होणार नव्हता. वरची फळी सहा सुतांची आणि पाय १७ इंच दोन सूत, असे मिळून तिपाईची उंची बरोबर १८ इंच होणार होती. अम्मीचा पलंगही तेवढाच उंच आहे. तीन पाय मी नीट कापले. चौथ्यावर खूण करताना फोन वाजला. बोलत बोलतच मी पेन्सिलीने १७ वर रेघ ओढली. दोन सूत विसरलो. करवत फिरवली आणि टोक खाली पडले तेव्हा लक्षात आले.

काका त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. मी काय केले असेल? मी गुपचूप दोन सूत जाडीची एक चकती कापली, त्या पायाच्या तळाला सरसाने चिकटवली आणि काचकागदाने घासून गुळगुळीत केली. तळाकडे कोण बघतो, असे मनाला समजावले. रात्री मात्र झोप आली नाही. अम्मीने "झाली का?" म्हणून विचारले, तेव्हा मी "होत आली" एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काकांनी चारही पाय हातात घेऊन उलटे केले आणि तळावरून अंगठा फिरवला. चौथ्या पायावर अंगठा थांबला. लाकूड आडवे कापले, की कापलेल्या तोंडावर बारीक छिद्रे दिसतात. माझ्या चकतीवर छिद्रांऐवजी लांब रेषा होत्या. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, मुलं वहीत खाडाखोड करून वर चिठ्ठी चिकटवतात, ते तुम्हाला कळतं ना?"

मला कळते. आणि तेव्हा मी मुलांना वर्गात उभे करतो, हेही आठवले.

"ही चकती पावसाळ्यात सुटणार," काका पुढे म्हणाले. "अम्मी रात्री तिपाईला धरून उठणार आणि तिपाई डुगडुगणार. बाकीचे तीन कापा."

चुकलेला पाय एक आणि कापायचे तीन चांगले पाय! दादाजानच्या लाकडावर पुन्हा करवत चालवायला माझा हात धजेना. काकांनी चारही पायांची वरची टोके जुळवली, ते शिकंज्यात एकत्र आवळले, गुण्या लावून एकच रेघ ओढली आणि करवत माझ्या हातात दिली. पाय वेगवेगळे मोजले, की एक कापताना दुसरा कमी होतो आणि तिपाईचा पाट व्हायला वेळ लागत नाही. एकत्र कापले, तर जे होईल ते चारही पायांचे सारखे होते. मी कापले.

पुढचे काम लवकर उरकले. वरची फळी मात्र सरसाने घट्ट चिकटवायची नाही, लहान लाकडी गुटक्यांनी थोडी सैल बसवायची. पावसाळ्यात तुमच्या घराचे दार फुगून चौकटीत अडकते ना? लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगते आणि आमच्या मालेगावच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात आक्रसते. घट्ट चिकटवलेली फळी तडकते.

शेवटी पॉलिश. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये विरघळवली, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळला आणि पातळ हात देत गेलो. एक हात वाळला, की हलकेच घासायचे आणि दुसरा द्यायचा. असे नऊ हात दिले. ही लाख एका लहानशा किड्यापासून मिळते. तो पळस, बोर आणि कुसुंब यांच्या डहाळ्यांवर राहतो. झारखंडात लाखेचे मोठे उत्पादन होते आणि रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून तिच्यावर संशोधन चालू आहे. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण त्याला उष्णता सोसत नाही. हे मी अम्मीला सांगायचे विसरलो. पहिल्याच सकाळी तिने गरम चहाचा कप तिपाईवर ठेवला आणि तिथे पांढरे वर्तुळ उमटले.

एका पायात हातमागाच्या खिळीचे जुने भोक आहे. ते बुजवू का, असे मी विचारले, तर अम्मीने मला त्यात एक खुंटी बसवायला लावली. आता चष्म्याची पिशवी तिथे लटकते. घरी कोणी आले, की अम्मी तिपाई दाखवते, दादाजानच्या मागाची हकीकत सांगते आणि शेवटी म्हणते, "पलंगापेक्षा दोन सूत कमी आहे. का, ते याला विचारा."