बटईचे वावर

दर महिन्याला एका ठरावीक रात्री आमच्या घरात एक छोटासा समारंभ होत असे. भांडीकुंडी आवरली, की मी मोबाईल घेऊन माजघरात बसे. हे समोर वर्तमानपत्र धरून, काहीच ऐकायचे नाही अशा चेहऱ्याने, पण कान माझ्याकडे लावून असत. मग मी आकडा वाचून दाखवी. गेल्या ज्येष्ठात मी तो वाचला नाही. यांनी वर्तमानपत्र खाली करून विचारले, "काय झालं? नाही आला का?"

"आला की," मी म्हटले, "१४६ रुपये."

यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केले. इतक्या वर्षांच्या संसारात ते एवढे तरी शिकले आहेत.

मी गोष्टी लिहिते. मोबाईलवर कथा-कादंबऱ्या वाचायला देणाऱ्या एका संस्थेत त्या प्रसिद्ध होतात. २०२० साली टाळेबंदीत रिसोडची बाजारपेठ, शाळा, एसटी सगळे बंद होते, तेव्हा मी पहिली गोष्ट लिहिली. तिथला व्यवहार मोठा मजेचा. वाचक पैशाने खोटी नाणी विकत घेतो आणि आवडत्या लेखकाला भेट देतो. कुणी महिन्याची वर्गणी भरून पुढचा भाग इतरांच्या आधी वाचतो. त्यातला वाटा संस्था ठेवते, उरलेला लेखकाचा. पहिली कमाई २१२ रुपये होती. २०२२ च्या दिवाळीत एकाच महिन्यात ३,८४० रुपये आले आणि मी त्यातून एक टेबल घेतले. सागवानी नव्हे, साधेच. पण कुणालाही न विचारता या घरात मी आणलेली ती पहिली वस्तू. आठ दिवस मी ते उगाचच पुसत होते.

पुढे ओहोटी लागली. लिहिणारे वाढले. वाचणाऱ्यांची संध्याकाळ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या रीलांनी खाल्ली. वाटणीचे नियमही दोनदा बदलले. आणि खरे सांगायचे, तर माझेही काही बिघडले होते. रोज एक भाग दिला, की वाचक टिकतो, असे सगळे सांगत. म्हणून मी रोज एक भाग देऊ लागले. माझी नायिका तिसाव्या भागात लग्नाला तयार होती. पण लग्न लागले, की गोष्ट संपली आणि गोष्ट संपली, की नाणी संपली! मग मी नवऱ्या मुलाला अपघात घडवला, सासूला आजारी पाडले, एक हरवलेली पत्रिका शोधून काढली. बिचारी २०० भाग बोहल्याच्या वाटेवर उभी होती.

आता हे सोडावे, की चालू ठेवावे? पुण्याहून लेकीने फोनवर निकाल दिला, "आई, बंद कर. डोळे खराब करून घेऊ नकोस." ते पटत होते. पण एक सून मला अधूनमधून लिहिते, की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना ती रोज रात्री माझा भाग वाचून दाखवते. त्यांच्या रात्रीचे काय करायचे?

मनाची समजूत घालायला मी जुने आठवू लागले. हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' १८९० साली निघाले आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात क्रमशःच येत होत्या. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, म्हणून तर आजचा हा फराळ आपल्यापुढे आहे. 'करमणूक' गेले, 'मनोरंजन' गेले, १९८२ साली 'सत्यकथा'ही मिटली. लेखक हा पहिल्यापासून दुसऱ्याच्याच जागेत राहत आलेला प्राणी. एवढे समजले, पण उत्तर काही मिळाले नाही.

ते मिळाले अंगणात. पेरणी तोंडावर आली होती आणि मामंजी ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मांडत होते. दहा-दहाच्या दहा ओळी, मोजून शंभर. मग गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर उगवले, तर ते बियाणे पेरण्याजोगे. आमच्या वाशीम जिल्ह्यात हे पोरांनाही ठाऊक असते. मी बाजूला बसून माझे रडगाणे सांगितले. मामंजींनी हातातली ओळ पुरी केली आणि म्हणाले, "म्हंजे तू बटईनं वावर करतेस. वावर दुसऱ्याचं, हिशेब त्याचा. मग बियाणं कोणाचं हाय?"

"माझं."

"घरात हाय का?"

मी गप्प. एकही गोष्ट माझ्या घरी नव्हती. सगळे पीक त्यांच्याच खळ्यावर!

त्या रात्रीपासून मी त्या टेबलावर बसून जुन्या गोष्टी वहीत उतरवू लागले. हाताने उतरवताना लबाडी चालत नाही. एकूण ४१ गोष्टी. पुन्हा पेराव्यात अशा १७ निघाल्या. लांबलेल्या लग्नाचे तर तीस भाग तेवढे धड उगवले, बाकीचे गोणपाटातच कुजले. मामंजींच्या हिशेबात मी साफ नापास.

पण याच मातीची आणखी एक गोष्ट आहे. आमचे वाशीम, म्हणजे जुने वत्सगुल्म, ही वाकाटकांची राजधानी. चौथ्या शतकात तिथल्या सर्वसेन राजाने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य लिहिले. राज्य त्याचे, दरबार त्याचा, तरी पोथी उरली नाही. उरले ते दुसऱ्यांनी आवडीने आपल्या ग्रंथांत उतरवून घेतलेले थोडेसे श्लोक. राजाचेही बियाणे शेवटी वाचणाऱ्यांच्याच घरी सापडले! आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावले, तेही याच वत्सगुल्मात. रिसोडहून एसटीने जाऊन यावे एवढ्या अंतरावर साहित्याचे लग्न लागले आणि मी मात्र एका मुलीचे लग्न चार पैशांसाठी अडवून बसले होते.

मी वावर सोडले नाही. त्या सासूबाईंची रात्र तिथेच येऊन थांबते. पण आता रोजचा भाग नाही. पंधरवड्याला एक गोष्ट, तीही आधी वहीत. १४६ चे पुढच्या महिन्यात ८८ झाले. यांना मी आपणहून वाचून दाखवले.

वसुबारसेच्या आदल्या रात्री नायिकेचे लग्न लावून टाकले. सकाळी त्या सुनेचा निरोप होता, "सासूबाई म्हणाल्या, लागलं बाई एकदाचं! आता पोरीला माहेरी कधी आणणार?"

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "म्हणजे पुन्हा २०० भाग?"

"छे," मी म्हटले, "एकच. दिवाळसणाचा."