पाचवा पिचर

आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांस क्रिकेटचे वेड आहे, हे वर्गातील खिडकीकडे वळलेल्या माना पाहून आम्हांस रोज कळते. म्हणून आज त्यांस क्रिकेटच्या एका दूरच्या भावंडाविषयी, म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलविषयी, काही सांगावे असे मनात आले. खेळाचे सगळे नियम शिकविण्याचा हेतू नाही; तेवढे आम्हांसही येत नाहीत. पण सन २०१९ च्या मे महिन्यात त्या खेळाच्या पायी आमच्या हातून एका मुलावर अन्याय होता होता राहिला, त्याची हकीकत सांगावयाची आहे.

आमची धाकटी बहीण बॉस्टनपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर राहते. शाळेला सुट्टी लागताच आम्ही तिच्याकडे सहा आठवड्यांसाठी गेलो. भाचा तेव्हा पंधरा वर्षांचा होता व गावातील मुलांच्या संघात खेळत असे. संघाला वाहिलेले एक वृद्ध शिक्षक होते. आम्ही गणित शिकवितो असे कळल्याबरोबर त्यांनी सामन्यांची नोंदवही आमच्या हाती दिली आणि आमचा रिकामा वेळ संपला.

त्या खेळातील गोलंदाजास पिचर म्हणतात. तो धावत येत नाही आणि चेंडूचा टप्पाही पाडीत नाही. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो फलंदाजाकडे चेंडू थेट फेकतो. मोठ्यांच्या खेळात हे अंतर ६० फूट ६ इंच असते. आपल्याकडे षटक संपले की गोलंदाज बदलतो. तेथे ज्याने सामना सुरू केला तोच, दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत, प्रत्येक चेंडू फेकीत राहतो. आजचा व्यावसायिक पिचर एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू सर्व शक्तीनिशी फेकतो व मग त्याच्या हातास चार-पाच दिवस विसावा द्यावा लागतो. संघास मात्र जवळजवळ रोज खेळावयाचे असते; मोठ्या संघांचे एका हंगामात १६२ सामने होतात. म्हणून पाच पिचर पाळीपाळीने सामने सुरू करतात. या पाळीस रोटेशन असे नाव आहे.

पूर्वी इतकी दयामाया नव्हती. सन १९०४ मध्ये जॅक चेस्ब्रो नावाच्या पिचरने एका हंगामात ४५४ इनिंग टाकून ४१ सामने जिंकले. आज कोणी २०० इनिंग टाकल्या तरी त्याचे कौतुक होते. हात निकामी झाला की मनुष्य मुकाट्याने घरी जात असे. सन १९७४ मध्ये फ्रँक जोब या शल्यवैद्याने टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात त्याच्याच मनगटाजवळची शीर बसविली, आणि त्यानंतर तो गृहस्थ सन १९८९ पर्यंत खेळला! आजही त्या शस्त्रक्रियेस रोग्याचेच नाव आहे, वैद्याचे नाही. मुलांच्या सामन्यांत तर किती चेंडू टाकावयाचे यास नियमानेच मर्यादा घातलेली असते.

आता हे पाच जण निवडावयाचे कसे? आमच्या संघापुढे हाच प्रश्न उभा राहिला, आणि तोही उलट्या बाजूने. मेअखेर वीस सामने झाले होते व प्रत्येक पिचरच्या वाट्यास चार चार आले होते. जूनमध्ये ढालीचे सामने होते. ते थोडे असल्यामुळे चारच पिचर पुरणार होते. कोणास वगळावे, याचा हिशेब करून द्या, असे त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांस सांगितले.

काम आम्हांस अगदी सोपे वाटले. वहीत प्रत्येक पिचरच्या नावापुढे त्याने जिंकलेले व हरलेले सामने मांडलेले असतात. आमच्या भाच्याने चार जिंकले होते, हरला एकही नव्हता. संघात एक डावखुरा, अबोल मुलगा होता. त्याने चारही गमावले होते. आम्ही एका कागदावर पाच नावे क्रमाने लिहिली आणि शेवटच्या नावाखाली रेघ ओढली. शिक्षकाच्या हातास अशी रेघ ओढण्याची सवयच असते. एका खोलीत सात माणसांच्या गलबल्यात अभ्यास करणाऱ्या मुलाचे पस्तीस गुण आणि तीन शिकवण्या लावलेल्या मुलाचे साठ गुण आम्ही वीस वर्षे एकाच पट्टीने मोजीत आलो आहो.

कागद रात्री जेवणाच्या मेजावर राहिला. भाच्याने तो वाचला व बराच वेळ तो काही बोलला नाही. मग आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, “मामा, त्याच्या मागे कोण उभे होते, ते तुम्ही पाहिले का?”

आम्ही म्हटले, “म्हणजे?”

“शॉर्टस्टॉपच्या जागी मी होतो. माझ्या हातातून चेंडू सुटला. तीन वेळा. आणि वहीत तुम्ही तिन्ही वेळा हिट लिहिले आहे.”

वाचकांस यातील मर्म समजावे म्हणून थोडे स्पष्टीकरण करावे लागेल. दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधोमध जो क्षेत्ररक्षक उभा असतो तो शॉर्टस्टॉप. सहज अडविता येण्याजोगा चेंडू त्याने सोडला, तर नोंद ठेवणाऱ्याने ती त्याची चूक म्हणून लिहावयाची असते. फटकाच जबर असेल तर फलंदाजाची हिट. दोन गडी बाद असताना क्षेत्ररक्षकाच्या चुकीने तिसरा वाचला, तर पुढे त्या इनिंगमध्ये होणाऱ्या धावा पिचरच्या खाती अर्जित म्हणून लागत नाहीत. हा निवाडा नोंद ठेवणाऱ्याने करावयाचा, आणि नोंद ठेवणारे होतो आम्ही. भाच्याच्या हातून चेंडू सुटला, की तो फटका आम्हांस नेमका जबर दिसत असे! हे आम्ही जाणूनबुजून केले नव्हते, असे येथे लिहिण्याचा मोह होतो. परंतु पहिल्या वेळी पेन्सिल क्षणभर थांबली होती, हे आम्हांस पक्के आठवते.

त्या रात्री मामाभाच्यांनी वही पुन्हा उघडली. अर्जित धावांची सरासरी काढण्याची रीत अशी, की त्या धावांस नवाने गुणून टाकलेल्या इनिंगनी भागावयाचे. मुलांचा सामना सात इनिंगचा म्हणून आम्ही साताने गुणले. डावखुऱ्या मुलाने २० इनिंगमध्ये १७ धावा दिल्या होत्या व त्यांतील १३ अर्जित धरल्या होत्या, म्हणजे सरासरी ४.५५. तीन चुका चुका म्हणून लिहिताच त्या ७ झाल्या आणि सरासरी २.४५ वर आली. भाच्याची सरासरी ४.९० होती. मग त्याचे चारही सामने जिंकले कसे? तो फेकीत असता आमच्या फलंदाजांनी चार सामन्यांत ३८ धावा काढल्या होत्या. डावखुऱ्याच्या चार सामन्यांत अवघ्या ६.

हा प्रकार काही आमच्या गावातील संघापुरता नाही. सन २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझने १३ सामने जिंकले व १२ गमावले. त्याची सरासरी २.२७ होती, पण त्याच्या संघास त्या वर्षी १६२ सामन्यांत ५१३ धावाच काढता आल्या व तो संघ १०१ सामने हरला. न्यूयॉर्कच्या सी. सी. सबॅथियाने त्याच वर्षी २१ जिंकले. तरीही उत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक हर्नांडेझला मिळाले. ज्याच्या नावाचे ते पारितोषिक आहे त्या साय यंगच्या खाती ५११ विजय आहेत, आणि इतके आजवर दुसऱ्या कोणाचेही नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निवाड्यातील धैर्य कळते. आठ वर्षांनी जेकब डीग्रॉम याने २१७ इनिंगमध्ये ४१ अर्जित धावा दिल्या, म्हणजे सरासरी १.७०, विजय फक्त १०, पराजय ९. पहिल्या पसंतीच्या ३० मतांपैकी २९ मते त्यास मिळाली. तोपर्यंत पंचांचे डोळे उघडले होते.

आमचे डोळे अजून अर्धेच उघडले होते. सरासरी दुरुस्त केली म्हणजे न्याय झाला, असे आम्ही समजलो. पण भाच्याने आणखी एक शंका काढली. जो क्षेत्ररक्षक मंद आहे तो चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, आणि जो पोहोचत नाही त्याच्या नावावर चूकही लागत नाही. मग ती धाव कोणाची? याच प्रश्नावर व्होरोस मॅक्क्रॅकन नावाच्या एका अभ्यासकाने सन २००१ मध्ये एक लेख लिहून मोठी खळबळ उडविली. त्याचे म्हणणे असे, की फलंदाजाने मारलेला चेंडू मैदानात पडला, की तो अडविला जाईल की नाही यावर पिचरची सत्ता फारच थोडी असते. खास त्याच्या हातात असते ते एवढेच : तीन स्ट्राइक टाकून किती गडी बाद केले, चार बॉल देऊन किती जणांस पहिला बेस फुकट दिला, आणि किती चेंडू कुंपणाबाहेर जाऊ दिले. पुढील अभ्यासकांनी या मतास थोडी मुरड घातली, तरी मूळ मुद्दा टिकून आहे. बॉस्टनच्याच पेड्रो मार्टिनेझने सन १९९९ मध्ये ३१३ गडी असे बाद केले व अवघ्या ३७ जणांस फुकट बेस दिला. पुढच्या वर्षी २८४ व ३२. सरासरी २.०७ वरून १.७४ वर आली. मनुष्य तोच, करामतही तीच, पण त्या दुसऱ्या वर्षी मैदानात पडलेले चेंडू अडविले जाण्याचे भाग्य अधिक होते.

आम्ही ती मोजणीही केली. डावखुरा : २६ बाद, ५ फुकट. आमचा भाचा : ११ बाद, १६ फुकट. चार सामने म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे, हे गणिताच्या शिक्षकास कोणी सांगावयास नको. तथापि धावांच्या व विजयांच्या आकड्यांपेक्षा हे आकडे लवकर खरे बोलू लागतात. आम्ही कागद फाडला व नवा लिहिला. भाच्याचे नाव आता पाचव्या क्रमांकावर होते. त्याने ते वाचले, मान हलविली आणि तो झोपावयास गेला. आम्हांस मात्र झोप आली नाही.

सकाळी बहिणीस हे कळले. “दादा, तू इथे पाहुणा म्हणून आलास, की माझ्याच मुलाच्या पानातला घास काढायला आलास?” असे म्हणून तिने जी पाठ फिरविली, ती दोन दिवस फिरविलेलीच. तिचे अगदीच चुकले असेही आम्ही म्हणणार नाही. मुलाने चार सामने जिंकले आहेत हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. आमची वजाबाकी तिने का ऐकावी? आम्ही वही घेऊन त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो व पेन्सिलीची गोष्ट आधी सांगितली. त्यांनी चष्मा लावून तिन्ही नोंदी पाहिल्या, त्यांवर काट मारून आपल्या हाताने चूक लिहिली, आणि म्हणाले, की आपणही इतके दिवस पहिलाच रकाना वाचीत होतो.

मग त्यांनी आम्हांस बॉस्टनची एक जुनी गोष्ट ऐकविली. सन १९४८ मध्ये तेथील ब्रेव्ह्ज संघाने नॅशनल लीगचे विजेतेपद मिळविले. वॉरन स्पॅन व जॉनी सेन हे त्याचे दोन नामांकित पिचर. एका वृत्तपत्राने त्यांच्यावर विनोदी कविता छापली. आशय असा, की हे दोघे फेकून झाले म्हणजे संघाने पावसाची वाट पाहावी. कविता घरोघर गेली. परंतु त्या वर्षी स्पॅनची सरासरी ३.७१ होती, आणि कवितेत ज्याचे नावही नाही त्या व्हर्न बिकफर्डची ३.२७. स्पॅन पुढे ३६३ सामने जिंकून फार मोठा झाला, यात वाद नाही. पण त्या हंगामात पावसाची जागा बिकफर्ड भरून काढीत होता, हे यमकात बसले नाही.

ढालीच्या सामन्यांसाठी डावखुरा मुलगा पाळीत राहिला. भाचा शॉर्टस्टॉपच्या जागी सर्व सामने खेळणार असे ठरले. त्या मुलास यातले काही कळले की नाही, आम्ही विचारले नाही. तो पूर्वीसारखाच सर्वांच्या आधी येई व भिंतीवर चेंडू फेकीत बसे. शाळा उघडावयाची असल्यामुळे त्याचा सामना पाहावयास आम्ही थांबू शकलो नाही. निघताना बहिणीने डब्यात पुरणपोळ्या दिल्या. त्यावरून तिचा राग उतरला असे आम्ही समजलो.

घरी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याचा निरोप दूरध्वनीवर आला. डावखुऱ्याने सातही इनिंग टाकल्या, नऊ बाद केले, एकालाच फुकट बेस दिला, आणि सामना २-१ असा हरला. खाली आणखी एक ओळ होती : “मामा, पहिली धाव माझ्या हातून गेली. वहीत चूक म्हणूनच लिहायला सांगितली आहे.”