आक्का म्हणाली, "अशी नाही ती चाल"

आमच्या लहानपणी गाण्याची वाट पाहावी लागायची. नांदेडच्या जुन्या गावात, गाडीपुऱ्याच्या बाजूला आमचं एकत्र कुटुंबाचं घर. चुलत, आते, मामे अशी भावंडांची भरलेली पंगत आणि फळीवर एकच रेडिओ. तेव्हा रेडिओला परवाना लागायचा. त्याचं पुस्तक अण्णा कपाटात जपून ठेवत आणि दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून येत. बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला, दुपारी विविध भारती, संध्याकाळी आकाशवाणी परभणी. घरातली कामं या वेळा धरूनच उरकली जायची.

आक्काचं अक्षर चांगलं, म्हणून गाण्यांची वही तिच्या ताब्यात. एकट्यानं अख्खं गाणं उतरवून घेणं कुणालाच जमायचं नाही. म्हणून ओळी वाटून घ्यायच्या. पहिली ओळ आक्काची, दुसरी दादाची, तिसरी आतेबहिणीची. जो शब्द निसटेल तिथं रेघ मारून जागा सोडायची आणि पुन्हा ते गाणं लागेल तेव्हा सगळ्यांनी मिळून कान तेवढ्या एका शब्दावर लावायचा. कधी कधी ती रेघ कित्येक आठवडे तशीच राही. शब्द सापडला की आक्का पेन घेऊन धावायची. आज यातलं कुठलंही गाणं कुणी गुणगुणलं, की दुसरी ओळ दादाच्याच तोंडून येते.

पुढं घरात टेपरेकॉर्डर आला. वजिराबादेत कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात यादी नेऊन द्यायची आणि दोन-चार दिवसांनी कॅसेट आणायची. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास, त्यामुळे शेवटचं गाणं बहुतेक वेळा मधेच तुटायचं. पट्टी सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची. मग गुलशनकुमारांच्या टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेट आल्या. जुनी गाणी, पण गळे नवे. रफींची गाणी सोनू निगमच्या आवाजात, किशोरकुमारांची कुमार सानूच्या, मुकेशची बाबला मेहतांच्या. गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा आणि 'व्हॉइस ऑफ मुकेश' म्हणून पुकारलेला गायक समोर उभा राहायचा. आम्ही डोळे मिटून ऐकायचो आणि मनापासून टाळ्या द्यायचो. एकाचा आवाज दुसऱ्यानं काढणं आम्हाला कधी परकं वाटलं नाही. तो गायक त्या आवाजासाठी वर्षानुवर्षं मेहनत करत होता आणि गाणं मूळ कुणाचं, हे आधी सांगून मग गात होता.

आता पुण्यात शिकणारा आमचा भाचा संगणकाकडून गाणी म्हणवून घेतो. हे वेड त्याच्याएवढ्या पोरांचंच आहे असं मात्र नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आयबीएम ७०४ या संगणकानं 'डेझी बेल' हे गाणं म्हटलं होतं. २००४ मध्ये जपानच्या यामाहाचं 'व्होकलॉइड' बाजारात आलं. एखाद्या माणसाकडून निरनिराळ्या उच्चारांचे तुकडे म्हणवून घ्यायचे, त्यांचा साठा करायचा. मग वापरणाऱ्यानं पडद्यावर स्वर मांडायचे, खाली अक्षरं लिहायची आणि संगणकानं तुकडे जोडून ते गायचं. २००७ मध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीनं आणलेली 'हात्सुने मिकू' ही अशीच एक गायिका. तिच्यामागचा आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. आता तर यंत्र जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आवाजाची ढब शिकतं. जपानची लाडकी गायिका मिसोरा हिबारी १९८९ मध्ये वारली. २०१९ मध्ये यामाहाच्याच तंत्रानं तिच्या आवाजात एक नवं गाणं तयार झालं. ऐकताना लोक रडले आणि गेलेल्या माणसाला असं गायला लावावं का, असा वादही पेटला.

आपल्याकडेही तो प्रश्न आला आहे. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'मधल्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले. त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतली, मानधन दिलं, असं त्यांनी जाहीर सांगितलं. त्याच वर्षी अरिजित सिंग आणि पुढच्या वर्षी आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्रानं नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना संरक्षण दिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. गळा ही माणसाची कमाई आहे आणि ती वापरायची तर त्याला, तो नसेल तर त्याच्या माणसांना, विचारलंच पाहिजे.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही सगळे लातूरकडच्या शेतात जमलो होतो. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पांडव, बिंदगीतली आंबील, भज्जी आणि उंडे. जेवणं झाल्यावर भाच्यानं फोन काढला. आक्काच्या त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर आजीचा पाळणा लिहिलेला होता. त्याचे शब्द घेऊन, स्वतः चाल बसवून, त्यानं तो यंत्राच्या गोड आवाजात म्हणवून घेतला होता. मागं बासरी होती, सूर कुठं हलत नव्हता. ऐकता ऐकता सगळे गप्प झाले. आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

गाणं संपलं आणि आक्का म्हणाली, "छान केलंस रे बाळा. पण अशी नाही ती चाल. आजी दुसऱ्या ओळीला खाली उतरायची."

भाच्यानं उत्साहानं विचारलं, "आक्का, तुझ्या आवाजात करून देऊ का?"

"माझ्या आवाजात मीच म्हणते की," असं म्हणून आक्का गायला लागली. सूर थोडा कापत होता, मधे श्वास पुरला नाही, पण दुसऱ्या ओळीला ती जी खाली उतरली तशी आम्हा सगळ्यांच्या ओठांवर पुढची ओळ आली. मग उदगीरकडची आत्या म्हणाली, आमच्याकडं शेवट असा नाही. तिनं तिचा म्हणून दाखवला. देगलूरची काकू म्हणाली, आमच्यात तर हे बारशाला म्हणतच नाहीत, डोहाळजेवणाला म्हणतात. तासभर पाळणेच चालले होते.

त्या तासात माझा विचार पक्का झाला. आम्ही शब्द वहीत उतरवले, पण चाल गळ्यातच राहिली. आजीचा आवाज कुठल्याच कॅसेटवर नाही, कारण कॅसेट महाग आणि ती सिनेमाच्या गाण्यांसाठीच, असं त्या काळी आमचं घर धरून चालायचं. आजीचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्या भागातली गावंच्या गावं मातीला मिळाली. तिच्या जोडीनं पाळणे म्हणणाऱ्या कितीतरी बाया त्यात गेल्या. यंत्र कितीही हुशार होवो, ज्या गळ्याचा माग कुठं उरलाच नाही, तो गळा ते आणणार कुठून? भाच्याच्या गाण्याचं मोल माझ्या लेखी वेगळंच आहे. त्या गाण्यातली चाल चुकली, म्हणून वीस वर्षं गप्प असलेले तीन गळे बोलते झाले.

मराठीत अशी गाणी जपण्याच्या कामाचा मोठा दाखला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. अनेकींचे आवाजही मुद्रित झाले. पुढं 'परी' या संकेतस्थळानं त्या जगासमोर ठेवल्या. आमच्या घरानं आता तीच पद्धत उचलली आहे. येळवशीच्या त्या तिन्ही चाली भाच्यानं फोनवर भरून घेतल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं: कुणी म्हटली, कुठल्या गावची, कुणाकडून शिकली. यंदा नागपंचमीच्या फेराची गाणी भरायची ठरली आहेत. यंत्राला काय गायला लावायचं ते त्यानंतर, आणि ज्यांचा आवाज त्यांना विचारून.

घराघरांत ज्यांना या चाली येतात त्या बाया आज सत्तरीच्या पुढं आहेत आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांना म्हणायला लावा, आणि तेही येत्या सणालाच.